ख्रिस्ती मनुष्याने प्रार्थना कशी करावी?

आजचा विषय मला प्रथम दिला तो एका विद्यार्थ्याने. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. अमरावतीच्या आमच्या शाळेतील तो मुलगा वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थना करता म्हणजे मागितलेले मिळते, असे म्हणतात. खरे काय?" गणिताच्या भीतीने त्याने विचारले होते, हे उघड होते. मी त्याला अभ्यास करावयास सांगून वाटेस लावले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आणि ते अपुरे का, हे कळावयास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आमच्या मंडळीत माझी प्रार्थनेविषयी थोडी ख्याती होती. लग्न असो, मर्तिक असो, पाळकसाहेब नसले की मला उभे करीत. शास्त्रातील भारदस्त शब्द मजपाशी भरपूर होते, आवाजही बरा होता. माझी प्रार्थना ऐकण्यासारखी असते, असे लोक म्हणत. आता वाटते, ती माणसांनाच ऐकण्यासारखी होती.

वस्तुतः प्रभू येशूने ह्याच गोष्टीविषयी प्रथम सावध केले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून पाहावा. चवाठ्यावर उभे राहून केलेली प्रार्थना नको, शब्दांची पाल्हाळीक भरताड नको. आपल्या खोलीत जावे, दार लावावे आणि पित्याशी बोलावे, असा तेथील आशय आहे. त्यापुढे त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, ती सावकाश म्हटली तरी एक मिनिटसुद्धा लागत नाही. आरंभी देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा, मग आपली भाकर, तीही त्या दिवसापुरती, मग क्षमा, मग मोहापासून व वाइटापासून सुटका. आपल्या बहुतेकांच्या प्रार्थनेत हा क्रम उलटा असतो. भाकरीपासून आरंभ होतो, आणि पुष्कळदा तेथेच शेवटही होतो.

पण ह्या प्रार्थनेतील एका गोष्टीकडे मी स्वतः चाळीस वर्षे लक्ष दिले नव्हते. तिच्यातील सर्व मागण्यांत एकीलाच आपल्या वागण्याची जोड आहे, ती म्हणजे क्षमेची. आम्ही जशी इतरांना क्षमा केली तशी आम्हांस मिळो, असे आपण स्वतःच्या तोंडाने म्हणतो. आणि प्रार्थना संपताच येशू पुन्हा ह्याच एका मागणीकडे वळतो व तिचा अर्थ स्पष्ट करतो. भाकरीविषयी तेथे तो पुन्हा काही बोलत नाही. त्याआधीच्या अध्यायात तर, वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे सांगितले आहे.

हा भाव आमच्या वऱ्हाडास परका नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. आधी झाडणे, मग देवाचे नाव. मी ख्रिस्ती आहे, तरी तो खराटा पाहिल्यावाचून मत्तयातील ते वचन मला नीट उमगले नसते, हे कबूल करतो.

आता घरची गोष्ट सांगितली पाहिजे. वडिलांनी नोकरीतून पैसा साठवून अकोट रस्त्यास पाच एकर शेत घेतले होते. त्यांच्या मागे ते आम्हां दोघां भावांत वाटले गेले. माझा वडील भाऊ शेतावर राही. मी नोकरीमुळे अमरावतीस. दोन वर्षांतच मधल्या धुऱ्यावरून आमचे बोलणे बंद झाले. सहा वर्षे मी प्रत्येक रात्री भावासाठी प्रार्थना करीत असे. हे देवा, त्याचे मन पालट, त्याला न्यायबुद्धी दे, त्याचा लोभ घालव. शब्द सुंदर होते, कधी डोळ्यांत पाणीही येई.

एका रात्री आई शेजारी बसून ऐकत होती. आई वऱ्हाडी बोले; देवाशीही वऱ्हाडीतच बोले, ह्याची मला लहानपणी लाज वाटत असे. माझे 'आमेन' झाल्यावर ती म्हणाली, "बापू, हे सारं देवाले ठाऊक हाय. तुह्या मनातलं भाऊले मात्र ठाऊक नाई. देवाले कायले सांगून रायला? त्याले जाऊन सांग ना."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण देवास जी गोष्ट मी सहा वर्षे सांगितली नव्हती, ती आठवली. वाटणीच्या पहिल्याच वर्षी माझ्या सालदाराने माझ्यादेखत नांगर दोन तास पलीकडे नेला होता, आणि मी गप्प राहिलो होतो. भावाने चार तास अलीकडे आणले ते त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्या प्रार्थनेत चार तास रोज येत. दोन तास एकदाही आले नव्हते.

मी गेलो. फार काही घडले नाही. भावाने खाट टाकली, वहिनीने चहा केला, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीच्या गोष्टी निघाल्या. निघताना मी ते दोन तास सांगितले. तो म्हणाला, "मले ठाऊक होतं." एवढेच. मोजणी आम्ही पुढे मिळून करविली. माझ्या सहा वर्षांच्या प्रार्थनेने कोणाचे मन पालटावयाचे होते, हे मला परतीच्या एस्टीत कळले.

भाषेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, अमरावती ह्या भागांत मिशनरी काम करू लागले. त्यांच्याकडून आम्हांस शाळा मिळाल्या, पुस्तक मिळाले. पण प्रार्थनेची भाषा कित्येक घरांत परकीच राहिली. मराठी ख्रिस्ती समाजाची ही अडचण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखली. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या मातीतली साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहातून त्यांची गीते आजही मंडळ्यांत गाइली जातात. १९१९ साली ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते! देवाशी बोलावयास मॅट्रिक व्हावे लागत नाही. ज्या भाषेत मनुष्य रडतो, तीत त्याने प्रार्थना करावी.

पंडिता रमाबाईंची प्रार्थना तर कामास जुंपलेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन विधवा व अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या 'मुक्ती'त ह्या बायकामुलींनी शेती केली, माग चालविले, छापखाना चालविला. त्याच ठिकाणी १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने येणाऱ्यांस बोलाविले; प्रथम सुमारे ७० जणी आल्या आणि वर्षाच्या मध्यापर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. केडगावच्या त्या जागृतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातील जोराच्या आरोळ्यांपेक्षा, प्रार्थना करून पुन्हा जात्यावर व मागावर बसणाऱ्या बायका अधिक बोलक्या वाटतात.

आता, मागितलेले मिळतच नाही तेव्हा काय? ह्या प्रश्नास बगल देऊन भाषण संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२१ साली रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमाबाई वारल्या. तिच्यासाठी 'मुक्ती'त प्रार्थना झाल्या नसतील काय? रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुढे चालवीत राहिल्या आणि १९२२ साली गेल्या. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून विनविले. तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही. श्रद्धा कमी पडली म्हणून रोगी बरा झाला नाही, असे दुःखी घरात जाऊन सांगणारे लोक मी पाहिले आहेत. ह्या लोकांनी निदान बाग तरी आठवावी.

माझ्या भावाचे मूत्रपिंड निकामी झाले. अकोल्यास इस्पितळात आम्ही सर्वांनी त्याच्या आयुष्यासाठी मनापासून प्रार्थना केली. तो वाचला नाही. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्याच्या उशाशी उभा राहून सवयीने लांब प्रार्थना सुरू केली, तेव्हा डोळे मिटूनच तो म्हणाला, "लांबवू नको." मग मी प्रभूची प्रार्थना म्हटली. क्षमेच्या वाक्याशी तो माझ्याबरोबर म्हणू लागला. समेट झाला नसता तर त्या खोलीत मी उभा तरी राहिलो असतो काय, कोण जाणे.

असो. नित्याच्या प्रार्थनेविषयी दोन शब्द. वेळ ठरलेली असावी. मन लागेल तेव्हा बसू म्हणणाऱ्याचे मन बहुधा लागत नाही. पहाटेची पंधरा मिनिटे पुरतात, त्यांतील पाच न बोलता घालवावीत. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांची नावे वहीत लिहावीत, आणि ज्याचे नाव लिहिण्यास हात कचरतो त्याचे आधी लिहावे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहिता उघडावी. देवाशी भांडणारी माणसे तीत आहेत, आणि त्यांना बाहेर घालविलेले नाही.

घरची संध्याकाळची प्रार्थना मात्र आटोपशीर असावी, दूरदर्शन संच बंद करून, आणि तीत मुलांना त्यांचे स्वतःचे बोलू द्यावे. आमचा नातू सात वर्षांचा आहे. तो रोज शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांसाठी प्रार्थना करतो. कशासाठी, ते त्याने सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही.