मान्रेसाचा एकांतवास

उपवासकाळ आला म्हणजे काही दिवस घरदार, कचेरी आणि बाजार यांपासून दूर राहून ते मौन, प्रार्थना आणि शास्त्रवाचन यांत घालविण्याची प्रथा आपल्या ख्रिस्ती मंडळींत आहे. आणि शेजारी माणूस भुकेला असताना चार भिंतींआड डोळे मिटून बसण्याने कोणाचे कल्याण होणार, असा प्रश्नही त्या सुमारास हमखास ऐकू येतो. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर तर्कापेक्षा सोळाव्या शतकातील एका जखमी सरदाराच्या चरित्रातून अधिक चांगले मिळते, असे मला वाटते.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील बास्क प्रांतातला मानी पुरुष. १५२१ साली पाम्प्लोनाचा किल्ला लढविताना तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. करमणुकीसाठी त्याने शौर्यकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा त्याच्या हाती पडल्या. तेव्हा त्याच्या ध्यानी आले, की मानमरातबाची स्वप्ने रंगविताना मन उल्हसित होई खरे, परंतु ती विरली की मागे केवळ शुष्कता उरे. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार मात्र सरला तरी त्याचा आनंद टिकून राही. त्याच्या पुढील सर्व साधनेचे बीज मला या साध्या निरीक्षणातच दिसते. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात रात्रभर जागरण करून त्याने आपली तलवार वेदीपाशी ठेवली, आणि मान्रेसा गावी सुमारे अकरा महिने मुक्काम केला. तेथे तो रोज तासन्‌तास प्रार्थना करी, भिक्षेवर राही आणि रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषाही करी. म्हणजे एकांत आणि सेवा यांची फारकत त्याच्या आयुष्यात पहिल्यापासूनच नव्हती.

त्या अनुभवातून त्याचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ सिद्ध झाला. सुमारे तीस दिवसांची ही साधना चार सप्ताहांत विभागलेली असून तीत प्रथम स्वतःचे पाप आणि देवाची दया, मग येशूचे जीवन, त्याचे दुःखसहन आणि पुनरुत्थान असा ध्यानाचा क्रम आहे. सावकाराच्या रोजकीर्दीप्रमाणे साधकाने आपल्या एकेका दोषाचा दिवसातून दोनदा हिशेब घ्यावा, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके रेघेवर मांडावेत आणि कालची रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहावी, इतकी बारीक शिस्त त्याने घालून दिली. मार्गदर्शकालाही त्याची सक्त ताकीद आहे, की साधकाला कोणत्याही एका बाजूस ढकलू नये. देवाला त्याच्याशी प्रत्यक्ष व्यवहार करू द्यावा. आणि शेवटच्या ध्यानाच्या आरंभी त्याने बजावले आहे, की प्रीती शब्दांपेक्षा कृतीतून प्रकट झाली पाहिजे.

ती कृती कशी असते, हे आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. पॅरिसच्या विद्यापीठात इग्नेशियसचा सहनिवासी असलेला फ्रान्सिस झेवियर हा विद्वत्तेच्या आणि मोठ्या हुद्द्याच्या आकांक्षेने भारलेला तरुण. १५३४ साली त्याने ही साधना केली. त्यानंतर व्हेनिसमध्ये, ज्यांच्या बरे होण्याची आशा इतरांनी सोडली होती अशा रोग्यांची सेवा त्याने पत्करली. आणि ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास उतरला, तेव्हा पोपचा प्रतिनिधी या नात्याने मिळालेले अधिकारपत्र जवळ असतानाही तो रुग्णालयात रोग्यांच्या सन्निध राहू लागला. तो बंदिवानांना भेटे, रविवारी शहराबाहेरील कुष्ठरोग्यांकडे जाई, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करी. अशा कामाचा उत्साह थोड्याच दिवसांत आटतो, हे सेवाकार्यात असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. झेवियरचा आटला नाही, कारण रोग्याच्या खाटेपाशी बसताना तो ज्याची सेवा करीत होता, त्या प्रभूची ओळख त्याला मौनात आधीच पटली होती, अशी माझी श्रद्धा आहे.

ज्यांना नोकरी वा प्रपंच सोडून महिनाभर दूर जाणे शक्य नाही, त्यांचाही विचार इग्नेशियसने केला आहे. अशा माणसाने घरीच राहून रोज दीड तास साधनेस द्यावा, अशी सवलत त्याच्या ग्रंथात आहे. यंदाच्या उपवासकाळात तेवढा वेळ काढू इच्छिणाऱ्यांनी आपल्या धर्मगुरूंना अगोदर भेटावे, आणि तो कोणत्या प्रहरी काढावयाचा, हे घरच्या माणसांशी बोलून ठरवावे.