नवा उद्योग सुचतो कसा?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



 अशा प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे आणि तरुणांस चार उपदेशाचे शब्द सांगावेत, अशी प्रथा आहे. पूर्वजांविषयीचा आदर आपणां सर्वांच्या ठायी वसतच आहे. उपदेशाऐवजी आज एक प्रश्न आपणांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे. नवा उद्योग माणसास सुचतो कसा, आणि तो सुचण्याची विद्या शिकता येते काय?

हा प्रश्न आम्हांस का पडला, ते प्रथम सांगितले पाहिजे. आपला समाज शिंप्यांचा. कात्री, टेप आणि सुई यांवर आपली घरे उभी राहिली. तयार कपड्यांच्या दुकानांनी आणि अलीकडे घरबसल्या मोबाइलवरून होणाऱ्या खरेदीने ह्या धंद्याचा मोठा हिस्सा गिळला, हे कोणी कोणास सांगावयास नको. बहुतेक घरांतील मुले शिकून नोकरीस लागली, चांगलेच झाले. परंतु ज्यांना मनाजोगी नोकरी मिळत नाही, किंवा ज्यांना स्वतःचे काही उभे करावेसे वाटते, असे तरुण सल्ल्यासाठी आणि कर्जाच्या शिफारशीसाठी वडीलधाऱ्यांकडे येतात. ‘काय करणार?’ असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: ‘अमक्याचे बरे चालले आहे, तेच आम्हीही काढतो.’ मग एका गल्लीत एक दुकान चालले, की त्याच मालाची आणखी तीन दुकाने निघतात आणि वर्षभरात चौघांचेही गिऱ्हाईक वाटले जाते. वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, आईचे दागिने आणि मुलाची उमेद एकदमच बुडते. अशा घरात दुसऱ्या मुलाने पुन्हा उद्योगाचे नाव काढण्याची सोय राहत नाही. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. परंतु समाजाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे.

ह्या तरुणांजवळ भांडवल कमी असते हे खरे. पण त्याहून अधिक कमी असतो तो बेत. आपल्या मराठी भाषेचे कौतुक असे की, मनातील योजनेस ती ‘बेत’ म्हणते आणि कापडाचे माप पाहून ते कापण्यासही ‘बेतणे’ म्हणते. आपल्या धंद्यात अंगाचे माप घेतल्याविना कोणी बेतत नाही आणि कच्च्या टाक्यांनी जोडून पाहिल्याविना भारी कापडावर पक्की टीप मारीत नाही. माप, बेत आणि कच्ची शिलाई हा क्रम आपल्या हातांना पाठ आहे. नवा उद्योग काढतानाही हाच क्रम पाळावा लागतो, आणि म्हणून ही विद्या शिकता येते, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

प्रथम मापाविषयी. येथे माप घ्यावयाचे ते अडचणीचे. आपल्याच व्यवसायातील एका परदेशी बंधूची हकीकत सांगतो. जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी अमेरिकेतील नेवाडा प्रांतात, रीनो ह्या गावी राहत असे. तंबू शिवणे, घोड्यांच्या झुली शिवणे, असली कामेही तो करी. १८७० सालाच्या अखेरीच्या सुमारास एका लाकूडतोड्याची पत्नी त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत. न फाटणारी विजार शिवून द्या, अशी तिची मागणी होती. दुसरा एखादा अधिक जाड कापड सुचविता आणि मोकळा होता. डेव्हिसने मात्र विजार नेमकी कोठे फाटते, याचा विचार केला. ती फाटते खिशांच्या कोपऱ्यांशी, जेथे ताण पडतो तेथे. झुलींचे पट्टे जोडण्याकरिता वापरावयाची तांब्याची रिवेटे त्याच्या टेबलावरच पडली होती. ती त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. कापड तेच, शिलाई तीच. पण विजार टिकली. मजुरांत तिची कीर्ती तोंडोतोंडी पसरली. पेटंट घेण्यास लागणारे ६८ डॉलर त्याच्यापाशी नव्हते, म्हणून ज्यांच्याकडून तो कापड घेई त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाय स्ट्रॉस ह्या व्यापाऱ्यांस त्याने १८७२ साली पत्र लिहिले आणि भागीदारी सुचविली. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. आज जगभर ज्यास जीन्स म्हणतात, त्या विजारीचा जन्म असा एका शिंप्याच्या टेबलावर झाला.

ह्या हकीकतीत विशेष बुद्धिमत्तेचा चमत्कार आम्हांस दिसत नाही. एका गिऱ्हाइकाची तक्रार लक्षपूर्वक ऐकणे, बिघाडाची जागा नेमकी शोधणे, आणि एका कामातील वस्तू दुसऱ्या कामात वापरून पाहणे, ह्या तीनच गोष्टी त्यात आहेत. तिन्ही आपल्याला साधण्याजोग्या आहेत.

अडचणीची जागा शोधण्याची एक सोपी रीत जपानमध्ये रूढ आहे. साकिची टोयोडा ह्या सुताराच्या मुलाने मागांमध्ये अनेक सुधारणा केल्या. धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि कापड खराब होते, हे पाहून धागा तुटताच आपोआप थांबणारा माग त्याने बनविला. पुढे त्याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला. तेथे कोणतीही अडचण आली की लागोपाठ पाच वेळा ‘का?’ असे विचारण्याची शिस्त आहे. ही शिस्त आपल्या दुकानास लावून पाहू. गिऱ्हाईक का घटले? लोक तयार कपडे घेतात म्हणून. तयार कपडे का घेतात? ते लगेच मिळतात म्हणून. आपल्याकडे लगेच का मिळत नाहीत? शिवावयास आठ दिवस लागतात म्हणून. आठ दिवस का लागतात? एका सदऱ्याची प्रत्यक्ष शिलाई तर काही तासांची! उरलेले दिवस तो कापलेल्या कपड्यांच्या ढिगात पडून असतो. तो पडून का असतो? काज-बटणाचे काम करणारा माणूस आठवड्यातून एकदाच येतो म्हणून. पाहा, आपण ज्यास भावाची स्पर्धा समजून रडत होतो, ती अडचण कदाचित काज-बटणाची निघाली! प्रत्येक दुकानात हेच उत्तर निघेल असे नाही. परंतु विचारल्याखेरीज कोणतेच निघणार नाही.

कधी कधी अडचण वस्तूत नसून व्यवहारात असते. शिवणयंत्र निघाले तेव्हा ते सर्वांस हवे होते, पण एकरकमी किंमत देणे सामान्य कुटुंबास जड जाई. सिंगर कंपनीने १८५६ साली हप्त्यांनी पैसे घेण्याची पद्धत सुरू केली. यंत्र तेच राहिले. मात्र ज्या घरांत ते कधीच गेले नसते, तेथे ते गेले.

आता बेताविषयी. अडचण नेमकी सापडली की तिच्यावर एक नव्हे, अनेक उपाय काढावेत. आपण येथेच चुकतो. घरात मुलाने एक कल्पना काढली, की वडील म्हणतात, ‘चालणार नाही’. काका म्हणतात, ‘अमक्याने केले होते, बुडाला’. आणि आई म्हणते, ‘नोकरीचे काय झाले?’ कल्पना जन्मते त्याच घटकेस तिचे मरण ओढवते. अमेरिकेतील जाहिरातीच्या धंद्यात नाव काढलेले अलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ नावाचा ग्रंथ लिहून ह्या रोगावर उपाय सांगितला. त्यांचे चार नियम असे: कल्पना काढण्याच्या वेळी कोणी कोणाच्या कल्पनेवर टीका करू नये, विचित्र वाटणारी कल्पनाही बेधडक सांगावी, संख्या जितकी अधिक होईल तितकी करावी, आणि दुसऱ्याच्या कल्पनेस आपली जोड देऊन ती वाढवावी. टीकेस बंदी कायमची नव्हे. निवडण्याची वेळ निराळी ठेवावयाची, एवढेच.

मात्र ह्या रीतीतही एक मर्म आहे. १९५८ साली येल विद्यापीठातील टेलर, बेरी व ब्लॉक ह्या संशोधकांनी चौघांच्या गटाची तुलना एकेकटे विचार करणाऱ्या चौघांशी केली. तेव्हा एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या असता त्या गटाच्या कल्पनांहून अधिक भरल्या. चारचौघांत माणूस संकोचतो आणि एकाच्या मागे सर्व वाहवत जातात, हे आपल्या सभांतूनही आपण पाहतो. म्हणून प्रथम प्रत्येकाने निमूटपणे कागदावर लिहावे, मग सर्वांचे कागद एकत्र वाचावेत, त्यांत भर घालावी, आणि निवड दुसऱ्या दिवशी करावी. आपल्या घरांत ह्या रीतीचा आणखी एक लाभ होईल. ज्या सुना-लेकी वडीलधाऱ्यांसमोर बोलत नाहीत, त्यांच्याही कल्पना कागदावर येतील. कपड्यांच्या अडचणी त्यांच्याइतक्या कोणास ठाऊक आहेत?

नमुन्यादाखल काही विषय सुचवितो. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास सदरा चढविणे हे घरच्यांस मोठे कष्टाचे काम असते. त्यांच्यासाठी पाठीमागून उघडणारे, चिकटपट्टीने बंद होणारे कपडे कोण शिवतो? मोबाइलवरून मागविलेला कपडा ढगळ होतो; तो घरून नेऊन मापात करून घरपोच देणारा आपल्या वस्तीत कोणी आहे काय? महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. कापणीत उरलेल्या चिंध्यांचे मोल तेव्हापासून वाढले की नाही? नऊवारी नेसता येत नाही ही तरुण मुलींची अडचण होती. कोणाच्या तरी कल्पनेने शिवलेली नऊवारी निघाली आणि आज लग्नसराईत तिला केवढी मागणी असते! ह्यांपैकी अमुक एक करा, असे आमचे म्हणणे नाही. आमची यादी घेऊन दहा जणांनी तोच धंदा काढला, तर ह्या व्याख्यानाचा हेतूच फसेल. आपापल्या गावची यादी आपणच करावयाची आहे.

शेवटची पायरी कच्च्या शिलाईची. निवडलेली कल्पना थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत आणि खऱ्या गिऱ्हाइकावर पारखावी. गाळा भाड्याने घेऊन, पाटी रंगवून, उद्घाटनाचे नारळ फोडून मग गिऱ्हाईक शोधणे म्हणजे माप न घेता शेरवानी शिवणे होय. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. त्याचीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली आणि हजारो स्त्रियांना तिने काम दिले. घर सोडून दिवसभर बाहेर राहता येत नाही, ही स्त्रियांची अडचण होती. संस्थेने भिजविलेले पीठ घरी न्यावयाचे, पापड लाटून आणून द्यावयाचे आणि मजुरी घ्यावयाची, अशी सोय केली. अडचणीचे माप अचूक होते. आरंभाची जोखीम ८० रुपयांची होती.

कच्ची शिलाई उसवावी लागली, तर त्यात लाज नाही. कोठे तंग होते ते कळले, हाच तिचा उपयोग. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती एवढा धीर धरल्यानंतर. धीर आणि हट्ट यांत मात्र भेद आहे. गिऱ्हाईक काय म्हणते ते ऐकून जो वस्तू सुधारीत जातो तो धीराचा. जो ऐकतच नाही आणि कर्ज वाढवीत जातो तो हट्टाचा.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. प्रत्येक शाखेने वर्षातून निदान एकदा अर्धा दिवस स्त्री-पुरुषांस एकत्र बसवून, वर सांगितलेल्या रीतीने एकाच अडचणीवर कल्पना काढण्याचा अभ्यास करावा. शिक्षणनिधीस धक्का न लावता एक लहानशी रक्कम केवळ कच्च्या शिलाईसाठी राखावी, आणि मोठ्या कर्जाची शिफारस अर्जदाराने अशी पारख केल्यानंतरच करावी. तिसरी सूचना अशी की, ज्याचा प्रयत्न फसला त्यासही पुढील संमेलनात बोलावून सन्मानाने ऐकावे. आपण यशस्वी माणसाच्या गळ्यात हार घालतो. पण कापड कोठे कमी पडले, ते फसलेलाच सांगू शकतो. त्यास हसणारा समाज आपल्याच मुलांची तोंडे बंद करीत असतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या अंगाचे माप घेऊन त्यांस शोभा दिली. तीच नजर आता भोवतालच्या अडचणींवर रोखावयाची आहे. आजच्या सभेहून घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक कोरा कागद घ्यावा आणि आठवडाभर कानांवर येणाऱ्या तक्रारी त्यावर उतरवून काढाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.