हिशेब आणि विश्वास

(साम्यवादोत्तर संक्रमणकाळावरील एका व्याख्यानाचा संपादित अंश)



पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी १९८९मध्ये कोसळल्या, हे आपण जाणतो. त्या पडझडीनंतर देशाची घडी बसविण्याचे अप्रिय काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. हंगेरीचे लायोश बोक्रोश हे त्यांपैकी एक.

१९५४ साली जन्मलेले बोक्रोश बुडापेस्टच्या अर्थशास्त्र विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला तेव्हा कार्ल मार्क्सचे नाव होते. तेथून बाहेर पडलेला हा विद्यार्थी १९९०मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बुडापेस्ट शेअर बाजाराचा अध्यक्ष झाला आणि १९९१पासून बुडापेस्ट बँकेचा प्रमुख. काळाचा महिमा दुसरा कोणता?

हंगेरीचे दुखणे जुने होते. १९५६चा उठाव चिरडला गेल्यानंतर यानोश कादार यांच्या राजवटीने जनतेला शेजारी देशांपेक्षा बरे राहणीमान दिले आणि मोबदल्यात तिचे मौन मिळविले. हा खर्च पुढे बऱ्याच अंशी पाश्चात्त्य कर्जातून भागला. राजवट गेली, कर्ज उरले. १९९४मध्ये परकीय व्यवहारांच्या चालू खात्यातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांहून अधिक झाली. त्याच डिसेंबरात मेक्सिकोचे चलन गडगडले. आता पाळी कोणाची, हा प्रश्न हंगेरीपुढे उभा राहिला.

त्या वर्षी जनतेने समाजवादी पक्षाला स्पष्ट बहुमत दिले होते. जुन्या सत्ताधारी पक्षाचाच तो वारस. गेलेली सुरक्षितता परत येईल, अशी अनेक मतदारांची अपेक्षा होती. पंतप्रधान ग्युला हॉर्न यांनी १ मार्च १९९५ रोजी बोक्रोश यांना अर्थमंत्री केले आणि १२ मार्च रोजी, रविवारी, त्यांची योजना जाहीर झाली. फोरिंटचे ९ टक्के अवमूल्यन झाले. पुढील घसरणही दरमहा ठरावीक प्रमाणात होईल, असे आधीच सांगण्यात आले. आयातीवर ८ टक्के अधिभार बसला. विद्यापीठांत शुल्क आले. बालसंगोपनाचे साहाय्य उत्पन्न पाहून देण्याचे ठरले. त्याच दिवशी दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले.

हिशेब म्हणून योजना खरी ठरली. १९९६मध्ये तूट निम्म्याहून कमी झाली आणि १९९७मध्ये विकासाचा वेग वाढला. पण मधल्या काळात कुटुंबांनी काय सोसले? १९९५मध्ये महागाई २८ टक्के होती आणि खरे वेतन सुमारे १२ टक्क्यांनी घटले. ज्या घरात पगाराखेरीज दुसरा आधार नव्हता, त्या घराचा हा हिशेब अर्थखात्याच्या कोष्टकात मावत नाही.

येथे हंगेरीच्या घटना न्यायालयाने ३० जून १९९५ रोजी दिलेला निर्णय मननीय आहे. शासनाच्या शब्दावर विसंबून ज्यांनी अपत्याचा निर्णय घेतला आहे, त्या मातांचे साहाय्य एका रात्रीत काढून घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने योजनेतील काही तरतुदी रद्द केल्या. काटकसर करण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही; दिलेला शब्द मोडण्याची घाई नाकारली.

फेब्रुवारी १९९६मध्ये, पुढील सुधारणांवरून मतभेद झाल्याने, बोक्रोश पायउतार झाले. जेमतेम वर्षभराचे मंत्रिपद! पुढे ते जागतिक बँकेत गेले, बुडापेस्टमध्ये प्राध्यापक झाले, २००९ ते २०१४ युरोपीय संसदेचे सदस्य राहिले. १९९८च्या निवडणुकीत हॉर्न यांचा पक्ष सत्तेबाहेर गेला. तरीही हंगेरीत त्या काळाची ओळख ‘बोक्रोश योजना’ अशीच राहिली. निर्णय मंत्रिमंडळाचा, अपश्रेय एकाचे, हा राजकारणाचा जुनाच रिवाज आहे.

प्राध्यापकाला सिद्धान्त कळतो, व्यवस्थापकाला ताळेबंद कळतो. राजकीय नेत्याला या दोहोंखेरीज समाजाचे मन कळावे लागते. कडू औषध देताना रोग काय, ते किती दिवस घ्यायचे आणि वैद्य स्वतः कोणते पथ्य पाळणार, हे रोग्याला सांगावे लागते. हे लोकशिक्षण संकटाच्या रविवारी सुरू करून भागत नाही. त्याची तयारी सुखाच्या दिवसांत, घराघरांत व्हावी लागते. कर्ज काढून वाटलेल्या सुखाला टाळ्या वाजत असतात, तेव्हाच कोणीतरी उठून हिशेब विचारला पाहिजे. हे धैर्य आपण कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबप्रमुखांनी अंगी बाणवावे, एवढेच सांगून थांबतो.