टर्मिनस आणि शीव



आमच्या अंधेरी-घाटकोपरकडच्या सकाळच्या गाडीत इंग्रजी शब्दांची यादी घोकणारी मुले आम्ही नित्य पाहतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सायंकाळी विचारावे तर निम्मे शब्द दादरलाच उतरून गेलेले असतात! नोकरीची मुलाखत तोंडावर असताना हे थट्टेवारी नेण्याजोगे नव्हे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याला तर त्या यादीचाच आधार.

यादीपेक्षा शब्दाचे कूळ पाहावे, असे आम्हांस वाटते. आपण उभे असतो ती गाडी ‘लोकल’. लॅटिन ‘लोकस’ म्हणजे जागा. सांधा जागचा हलला की ‘डिसलोकेट’, आणि जागचे हलविणारे ते ‘लोकोमोटिव्ह’, म्हणजे इंजिन. ‘सबर्ब’ तर आपल्या घरचाच: ‘सब’ म्हणजे खाली वा जवळ, ‘अर्ब्स’ म्हणजे नगर. उप आणि नगर!

‘टर्मिनस’ म्हणजे हद्द, आपल्या भाषेत शीव. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवरचे आपले शीव स्थानक त्याच अर्थाचे. हद्द ठरविणे ते ‘डिटर्मिन’, हद्दीबाहेर घालविणे ते ‘एक्स्टर्मिनेट’. पण येथे सावध असावे. या शब्दाचा आजचा अर्थ हद्दपारी नव्हे, समूळ नाश. घरमालकाने ‘भाडेकरूला एक्स्टर्मिनेट करणार’ असे लिहिले, तर पोलीस दारात येतील! संस्कृतातली ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, मराठीत तिचा दंड झाला. तसाच हा प्रकार. कुळावरून ओळख पटते, स्वभाव वाक्यातच कळतो.

मोल्सवर्थने आपली भाषा अशीच टिपली. पंडितांना हाताशी घेऊन 1831 साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, 1857 साली वाढवून पुन्हा काढला. शब्द कोकणातला की देशावरचा, हेही जागोजाग नोंदले.

आमच्या मुलांची अडचण मात्र दुहेरी आहे. ‘इनएव्हिटेबल’ म्हणजे ‘अपरिहार्य’ हे पाठ असते. पण अपरिहार्य म्हणजे काय, असे विचारले की मुलगा गप्प! दोन कुलपे, किल्ली एकीचीही नाही. त्याला म्हणावे, जे टाळू म्हटले तरी टळत नाही ते. आता उदाहरण दे. एकाने चटकन सांगितले, ‘पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर साचणारे पाणी.’ त्याला आम्ही पुढचा शब्द दिला.