अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचें आतडें

सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेल्या अर्भकाच्या श्वासाची चिंता सर्वांनाच वाटते. त्याच्या आतड्याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तेंही फुप्फुसांप्रमाणेंच अपक्व असतें. अस्तर नाजूक, हालचाल मंद, जंतूंशीं झुंजण्याची शक्ति तोकडी. अशा आतड्यास सूज येऊन त्याचा कांहीं भाग मृत होऊं लागतो. या विकारास 'नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस' म्हणतात. दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना त्याचा धोका विशेष.

बाळ दूध घेऊं लागलें, वजन वाढूं लागलें, घरच्यांचा जीव भांड्यांत पडला, अशा वेळींच तो बहुधा डोकें वर काढतो. पोट फुगतें, हिरवट उलटी होते, मलांत रक्त दिसतें. मग तोंडानें दूध देणें थांबवून पोषण शिरेवाटे देतात आणि जंतुनाशक औषधें सुरू करतात. पुष्कळ बाळें एवढ्यानेंच बरीं होतात. परंतु क्ष-किरणचित्रांत आतड्याबाहेर मोकळी हवा दिसली, तर आतड्यास छिद्र पडलें असें समजतात. तेव्हां शल्यवैद्य मृत भाग काढून उरलेल्या आतड्याचें तोंड बहुधा पोटावर आणून ठेवतो आणि बाळ सावरल्यावर तें पुन्हा जोडतो. एवढ्याशा जिवावर शस्त्र नको, असें वडीलधारीं माणसें कळवळून म्हणतात. पण तेथें विलंबच अधिक निर्दय ठरतो. कांहीं बाळें शस्त्रक्रियेनंतरही वाचत नाहींत. फार आतडें काढावें लागल्यास वाचलेल्यांचें पोषणही दीर्घकाळ कठीण होतें.

म्हणून प्रतिबंधाचें मोल मोठें. इंग्लंडांत ल्यूकस व कोल यांनीं ९२६ अकालजात अर्भकांची पाहणी करून १९९० सालीं ती प्रसिद्ध केली. केवळ कृत्रिम दुधावरील बाळांत हा विकार केवळ मानवी दुधावरील बाळांपेक्षां सहा ते दहा पट अधिक आढळला. मातेचें दूध अपुरें पडल्यास दुसऱ्या मातांनीं दिलेलें, तापवून निर्जंतुक केलेलें दूध उपयोगी पडतें. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं भारतांतील पहिली दुग्धपेढी निघाली, ती याच हेतूनें.

काचेच्या पेटींतील बाळासाठीं आपल्या हातून कांहींच होत नाहीं, असें मातेस वाटत असतें. पहिल्या दिवसांत तिनें काढलेले दुधाचे चार थेंब हें त्या बाळाचें औषधच असतें. तेव्हां दूध येत नाहीं म्हणून डबा आणण्याची घाई घरच्यांनीं करूं नये. तिला आहार, विसावा आणि धीर द्यावा. बाळाच्या रक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.