निवृत्तीनंतरचं वेळापत्रक

(हिवाळी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



समोर निवृत्त मास्तर, ग्रामसेवक, वनखात्यातली मंडळी बरीच दिसतात. शाळेच्या घंटेला आणि हजेरीपटाला आपण जन्मभर नावं ठेवली. ५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं, वाटलं सुटलो! पुढे काय झालं ते घरच्यांना विचारा. दहा वाजता तिसरा चहा, तोच पेपर दुसऱ्यांदा, आणि अकराला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, "आज भाजी काय?"

वेळ हाती आला की माणूस मोकळा होतो, ही आपली समजूत. आपल्या गोंदिया जिल्ह्यातले तलाव वेगळंच सांगतात. पाऊस साऱ्या मुलखावर पडतो. पण कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम बसवलं, म्हणून तेच पाणी धान निसवताना बांधीपर्यंत पोचतं. पाळ नसती तर ते श्रावणातच वाहून गेलं असतं. नोकरीत असताना आपल्या दिवसाची पाळ सरकारनं घातली होती. आता ती आपली आपण घालायची आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, ते अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आठवा. वनखात्यात ३६ वर्षं काढून ते १९९० साली निवृत्त झाले. रानातल्या नोंदी डायरीत उतरवायची सवय नोकरीतलीच. पण 'पक्षिकोश' निवृत्तीनंतर हाती आला. कोश काही एका रात्रीच्या प्रतिभेनं होत नाही, त्याला रोजची बैठक लागते. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा ९२ वर्षांचे होते. पद्मश्री त्याच वर्षीची.

तुम्ही म्हणाल, आम्ही थोडेच चितमपल्ली! मान्य. मग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपल्या विदर्भाला लावून दिलेली शिस्त पाहा. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. यातला 'सामुदायिक' हा भाग मला फार मोलाचा वाटतो. एकट्यानं ठरवलेलं फिरणं, प्राणायाम आठवडाभर टिकतं. पण प्रार्थनेला एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी हटकतंच, "काल दिसले नाही जी?" उतारवयातला नेम या एका प्रश्नावर टिकतो. आपली कुणी वाट पाहतंय, हे कळलं की पाय आपोआप वेळेवर निघतात.

आणखी एक. रोवणीला जाणारी बाई पहाटे उठते, घरचं आवरते, डबा बांधते आणि मग बांधीत उतरते. तिच्या वेळापत्रकाला निवृत्ती नाही. आपल्या घरातल्या बाईच्या वेळापत्रकालाही नाही. म्हणून निवृत्त पुरुषाचा दिनक्रम योगासनांआधी सकाळच्या चहापासून सुरू व्हावा, आणि तो चहा त्यानं स्वतः ठेवावा!

तेव्हा मोठे संकल्प नकोत. नातवाला शाळेत पोचवणं, गावचं वाचनालय उघडणं, पोरांना गणित शिकवणं, यातलं एकच काम धरा. त्याची वेळ ठरवा, आणि जो तुमची वाट पाहणार आहे, त्याला ती वेळ आज रात्रीच सांगून ठेवा.