परदेशातील आप्ताचे मूल आणि दत्तकाचा मार्ग

(लातूर येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दत्तकाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा वाडा, जमीन आणि वंशाचे नाव यांची चर्चा सुरू होते. आज आम्ही यांपैकी कशाविषयीच बोलणार नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या लहान जिवाविषयी, ज्याचे जन्मदाते सातासमुद्रापलीकडे आहेत, ज्याला मावशीने किंवा काकूने पोटाशी धरले आहे, आणि ज्याच्या पारपत्रावरील देशाचे नाव मात्र या नव्या घराच्या देशाशी जुळत नाही.

आप्ताचे मूल आपले मानणे ही आपल्या मराठवाड्याला नवीन गोष्ट नव्हे. दत्तकाच्या नियमांत महाराष्ट्राने ज्यांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला, त्या सतराव्या शतकातील नीळकंठ भट्टांचे घराणे मूळचे आपल्या गोदाकाठच्या पैठणचे. तेथूनच ते काशीस गेले. इतर प्रांतांत विधवेने दत्तक घ्यावा की नाही यावर खल चालत असता, महाराष्ट्र शाखेने तिला पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेण्याची मोकळीक मानली होती. अर्थात, नियमापेक्षा घर उभे राहणे महत्त्वाचे, ही दृष्टी आपल्या मातीतलीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने होत्याचे नव्हते केले, तेव्हा कित्येक लेकरांचे छत्र एका क्षणात गेले. त्या वेळी संस्था धावून आल्या. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. तसेच मामा, काका आणि आजी-आजोबाही पुढे झाले. ‘आमच्याच रक्ताचे आहे, कागद कशाला?’ हे वाक्य त्या काळी ज्यांनी उच्चारले, त्यांच्या मनात निर्मळ माया होती.

परंतु मूल गावातल्या गावात एका घरातून दुसऱ्या घरात गेले, तर हे वाक्य चालून जाते. सीमा ओलांडून आले, तर ते चालत नाही. आजच्या आमच्या बोलण्याचा सारांश एवढाच आहे.

प्रथम घरचा कायदा पाहू. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने जुने पुष्कळ निर्बंध दूर केले. मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले, जातीचे बंधन गेले, बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा घेण्यास शास्त्रार्थाची आडकाठी उरली नाही, आणि दत्तहोम झालाच पाहिजे हा आग्रहही संपला. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे हा विधीचा प्राण ठरला. मूल साधारणतः पंधरा वर्षांच्या आतील असावे; दत्तक घेणारा पुरुष व मुलगी, किंवा घेणारी स्त्री व मुलगा, यांच्या वयांत किमान एकवीस वर्षांचे अंतर असावे; मुलगा घ्यावयाचा तर घरात मुलगा वा नातू नसावा; देण्याघेण्यात पैशाचा व्यवहार नसावा; आणि एकदा योग्य रीतीने झालेले दत्तक मोडता येऊ नये, असे हे नियम आहेत. देणारा व घेणारा यांच्या सहीचा नोंदणीकृत दस्त असला, तर दत्तक यथाविधी झाले असे न्यायालय गृहीत धरते. नांदेड-लातूरच्या कुटुंबांना हा मार्ग पाठ आहे, आणि म्हणूनच परदेशातील मुलाच्या बाबतीतही तोच पुरेल असे त्यांस वाटते.

येथेच घोटाळा होतो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखा आहे. एका भारतीय दांपत्याने आपल्या नात्यातील मुलगा दत्तक घेण्याचे ठरविले. मुलाचा जन्म २०१९ साली अमेरिकेत झालेला. म्हणजे जन्मानेच तो त्या देशाचा नागरिक. काही महिन्यांचा असतानाच त्यास भारतात आणले गेले व तो या दांपत्याजवळच वाढला. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे ज्यास लोक ‘कारा’ म्हणतात त्याने, दत्तक पालक म्हणून त्यांची नोंद करण्यास नकार दिला. दांपत्य न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आणि त्याखालील नियमांत परदेशी नागरिक असलेल्या मुलाच्या दत्तकाची, ते नात्यातील असले तरी, तरतूद नाही. अपवाद केवळ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात सापडलेल्या बालकाचा. अमेरिकन मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कोणा भारतीयास नाही. प्रथम अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेथेच दत्तक पूर्ण करावे, आणि मग मुलास भारतात आणण्याची कारवाई करावी.

श्रोतेहो, या प्रकरणात माया कमी होती असे कोणीही म्हणणार नाही. क्रम उलटा झाला, एवढेच. मूल आधी आले, कागद मागाहून शोधले गेले.

सीमेपलीकडून येणाऱ्या मुलाविषयी तीन प्रश्न उत्पन्न होतात आणि ते तिन्ही वेगळे आहेत. हे मूल कायद्याने कोणाचे? ते कोणत्या देशाचे नागरिक? आणि त्यास या देशात किती काळ राहता येईल? पहिल्याचे उत्तर दत्तकाच्या आदेशात, दुसऱ्याचे नागरिकत्वाच्या कायद्यात, तिसऱ्याचे व्हिसात असते. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. आईवडील वा आजी-आजोबा भारतीय असल्यामुळे मुलास ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते व त्यावर ते येथे दीर्घकाळ राहू शकते. पण ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि दत्तकही नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दत्तक पूर्ण झाले तरी भारतीय नागरिकत्व आपोआप मिळत नाही. १९५५ च्या कायद्यान्वये त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शिवाय लहान मुलाच्या अमेरिकन पारपत्राची मुदत पाच वर्षांचीच असते, आणि ते नवे करताना कायदेशीर आईवडिलांची संमती लागते. मावशीने पाच वर्षे रात्रीचा दिवस केला असला, तरी त्या खिडकीपाशी तिची सही चालत नाही.

मग योग्य मार्ग कोणता? भारतीय नागरिकास परदेशातील मूल घ्यावयाचे असल्यास दत्तकाचा विधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्याने व्हावा लागतो. त्यापूर्वी येथे दांपत्याचा गृह-अभ्यास अहवाल तयार होतो. तिकडून मुलाची माहिती व वैद्यकीय अहवाल येतो. आणि कारा आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे संमती देते. दत्तक पूर्ण झाल्यावर मुलाच्या परदेशी पारपत्रावर भारतीय वकिलातीतून प्रवेशाचा व्हिसा घ्यावयाचा, आणि वकिलातीमार्फतच केंद्रीय गृहमंत्रालयाची अनुमती मिळवावयाची. जन्मदाखला व न्यायालयाचा आदेश यांवर ‘अपोस्टील’ची मोहोर करून घेतली म्हणजे इकडच्या कचेऱ्यांत अडचण कमी येते. हे सर्व मूल विमानात बसण्यापूर्वी व्हावे.

उलट दिशेचाही विचार करू. लातूरच्या बहिणीचे मूल परदेशी स्थायिक झालेल्या भावाने घ्यावयाचे ठरविले, तर तोही केवळ घरगुती व्यवहार राहत नाही. येथे सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, काराचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्या देशाची संमती ही तिन्ही लागतात. बाल न्याय कायद्यात ‘नातेवाईक’ या शब्दाचा अर्थही आपल्या बोलीइतका ऐसपैस नाही. काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच त्यात येतात. मामेभाऊ, आतेबहीण, चुलत चुलते हे आपल्यास कितीही जवळचे असोत, त्या व्याख्येत ते बसत नाहीत. पालक अमेरिकेत स्थायिक असतील, तर तेथील अर्ज आधी मंजूर करून घ्यावयाचा आणि दत्तक त्यानंतर. मूल सोळा वर्षांचे होण्यापूर्वी तो अर्ज दाखल झाला पाहिजे. घाईने लातुरात दस्त नोंदवून मग व्हिसा मागण्यास गेलेल्या कुटुंबाची वाट बहुधा तेथेच अडते.

कोणी विचारील, सख्ख्या भावाबहिणींत एवढा संशय कशासाठी? हा संशय आपल्यावर नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा बाजार मांडणारे लोक जगात निघाले, म्हणून ही कुंपणे आली. आपल्याच देशात एका वकिलाने अशा गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि लक्ष्मीकांत पांडे यांच्या त्या प्रकरणात १९८४ साली न्यायालयाने कडक नियम घालून दिले. २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने विचारलेले प्रश्न म्हणून या अटींकडे पाहिले, तर त्यांचा राग येणार नाही. तथापि, कोठलाही दलाल न मिळताही जी कुटुंबे मायेने बांधलेली आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग अधिक सरळ व जलद व्हावा, अशी मागणी करण्याचा हक्क आपणांस आहेच. मूल थांबू शकत नाही. ते रोज वाढत असते.

शेवटी समाजाकडून एक अपेक्षा. आपली मुले-मुली पुणे, हैदराबाद येथून थेट परदेशी जात आहेत, आणि असे प्रसंग पुढे वाढणार आहेत. ज्या घरात असा विचार चालला असेल, त्याने दोन्ही देशांतील जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन सध्याची पद्धत विचारून घ्यावी, कारण आदेश कोणी द्यावयाचा याविषयी अलीकडे दुरुस्त्या झाल्या आहेत. आणि जन्मदात्या आईवडिलांची संमती दोघांचीही, मोकळ्या मनाने आणि लेखी असावी. जन्मदात्या मातेवर वडीलधाऱ्यांनी दडपण आणू नये. निपुत्रिक दांपत्याला ‘भावाचे एखादे घ्या’ असा सल्ला देणे सोपे आहे. त्या सल्ल्यामागे मुलाच्या पारपत्राचाही विचार हवा.

मूल ओटीत घालणे हा आपला जुना सुंदर शब्द आहे. पूर्वी त्या ओटीत नारळ व तांदूळ असत. आता त्यांच्याबरोबर न्यायालयाचा आदेश, संमतीपत्र आणि व्हिसाही असले पाहिजेत. त्याने मायेस उणेपणा येत नाही. ज्या लेकरास आपण आपले म्हटले, त्याला उद्या कोणीही ‘तू येथला नाहीस’ असे म्हणू नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.